आधी दवाखान्यात नाव, मग तहसिलीत अर्ज

तुझ्या सासूने, म्हणजे माझ्या नणंदेने, फोनवर दोन बातम्या एका दमात सांगितल्या. तुला दिवस गेले आहेत, आणि गावच्या अंगणवाडीत मदतनिसाची जागा निघणार आहे म्हणून तुला इथली रहिवासी असल्याचे कागद करायचे आहेत. "वहिनी, दोन्ही एकदम कसं व्हायचं?" तिने विचारले. होते, पोरी. मी नवापूर तालुक्यात अंगणवाडीची पर्यवेक्षिका म्हणून निवृत्त झाले. उच्छल, निझर, सोनगडकडून लग्न करून इकडे आलेल्या कितीतरी मुलींचे कागद आणि बाळंतपण शेजारी शेजारी चाललेले मी पाहिले आहे. ज्या मुलींनी क्रम नीट धरला त्यांचे दोन्ही नीट झाले. म्हणून मामेसासू या नात्याने तुला हे सविस्तर लिहिते आहे. एकदा वाच, नवऱ्यालाही वाचून दाखव.

पहिले आणि सगळ्यात मोठे सांगणे हे, की दवाखान्यात नाव घालायला इथला रहिवासी असण्याचा कोणताही कागद लागत नाही. आपल्याकडच्या नव्या सुना इथेच चुकतात. "आधार उच्छलचे आहे, इथला पत्ता आला की नर्सबाईकडे जाऊ" असे घरात कोणीतरी म्हणते आणि बघता बघता चौथा महिना उलटतो. तोवर रक्त तपासलेले नसते, दाब मोजलेला नसतो, गोळ्या सुरू झालेल्या नसतात. नोंदणी 12 आठवड्यांच्या आत व्हायला हवी. आशाताईला आजच बोलाव. ती उपकेंद्राच्या नर्सबाईकडे तुझे नाव घालेल, माता-बाल संरक्षण कार्ड मिळेल आणि आरसीएच क्रमांक पडेल. माहेरी असताना तिकडे आधीच नाव घातले असशील तर तिकडचे ममता कार्ड सोबत ने आणि तोच क्रमांक सांग, म्हणजे एकाच गरोदरपणाच्या दोन नोंदी होणार नाहीत. सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, सिझर करावे लागले तर तेही, औषधे, तपासण्या, जेवण, घरून दवाखान्यात नेणे आणि परत आणून सोडणे हे सगळे 2011 पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे. त्यासाठी तू महाराष्ट्राची की गुजरातची, हे कोणी विचारायचे नाही.

पहिल्या तपासणीत सिकलसेलची चाचणी आवर्जून माग. आपल्या आदिवासी पट्ट्यात हा आजार पिढ्यान् पिढ्या आहे. तुझी तपासणी शाळेत असताना झाली असेल तर ते कार्ड माहेरून मागवून घे. नवऱ्याचीही तपासणी होऊ दे, त्याने लाजायचे कारण नाही. दोघेही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला पूर्ण आजार असण्याची शक्यता चारात एक असते, आणि पुढच्या तपासण्यांना वेळेची मर्यादा असते. म्हणून मी क्रमाचा एवढा आग्रह धरते. तहसिलीतला अर्ज एक महिना उशिरा गेला तर पुन्हा देता येतो. सिकलसेलच्या तपासणीचा गेलेला महिना परत मिळत नाही. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून तपासणी होते. ती तारीख कॅलेंडरवर लाल करून ठेव आणि त्या दिवशी कागदाचे कोणतेच काम काढू नकोस.

आता कागदांकडे वळू.

आपला मुलूख विचित्र जागी आहे. नवापूरच्या रेल्वे स्टेशनचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत, हे तू पाहिलेच आहेस. 1960 साली दोन राज्ये झाली तेव्हा जुन्या पश्चिम खानदेश जिल्ह्यातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदे, अक्कलकुवा तालुक्यांतली कितीतरी गावे गुजरातेत गेली. सोयरीक मात्र होती तशीच राहिली. रेघ माणसांनी नंतर ओढली, पण कागद त्या रेघेप्रमाणे चालतात. त्यामुळे माहेर जीपने थोड्याच वेळाच्या अंतरावर असले, तरी सरकारदरबारी तू परराज्यातून आलेली सून आहेस. याचे वाईट वाटून घेऊ नकोस. वाट आहे, आणि ती तुझ्या नवऱ्याच्या कागदांतून जाते.

"रहिवासी" म्हटले की लोक तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. एक, गावात राहत असल्याचा पुरावा, म्हणजे ग्रामपंचायतीचा दाखला किंवा स्वयंघोषणापत्र. दुसरी, आधार, रेशनकार्ड, मतदार यादी यांवरचा पत्ता. तिसरी, तहसिलीतून मिळणारे वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र, ज्याला आपण नुसते डोमिसाईल म्हणतो. मदतनिसाची जागा स्थानिक रहिवासी स्त्रीसाठी असते, म्हणून पहिली आणि दुसरी गोष्ट तिथे कळीची आहे. जाहिरात लागली की नेमके काय मागितले आहे ते बालविकास प्रकल्प कार्यालयात स्वतःच्या डोळ्यांनी वाच. सेतू केंद्राच्या बाहेरचा माणूस सांगेल त्यावर जाऊ नकोस. नको असलेल्या दाखल्यामागे गरोदर बाई महिनाभर हिंडते, हे मला पाहवत नाही.

जाहिरातीत डोमिसाईलही मागितले असेल, तर त्यासाठी महाराष्ट्रात 15 वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. तुझ्या लग्नाला तेवढी वर्षे कुठून होणार? पण महाराष्ट्राच्या रहिवाशाशी लग्न झालेल्या स्त्रीचा अर्ज नवऱ्याच्या कागदांवर उभा राहतो. त्याचा अधिवास दाखला, त्याचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला, आणि तुमचे विवाह प्रमाणपत्र. 2024 साली लाडकी बहीण योजना आली तेव्हाही परराज्यात जन्मलेल्या सुनांसाठी नवऱ्याचेच हे कागद धरायची सोय सरकारने केली होती, त्यामुळे सीमेवरच्या कितीतरी जणींचे काम झाले. तेव्हा आधी नवऱ्याचे डोमिसाईल काढून घ्या. त्याच्यासाठी तू कुठे जायची गरज नाही, तो एकटा जाऊन येईल. अर्ज आपले सरकारच्या संकेतस्थळावरून किंवा सेतूतून होतो. पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. तिच्यावर अर्जाचा क्रमांक असतो, आणि 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने दाखला ठरलेल्या मुदतीत मिळणे हा तुमचा हक्क आहे. मुदत टळली तर त्याच क्रमांकावर अपील करता येते. आणि हो, या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला पाचशे रुपयांचा मुद्रांक लागतो असे कोणी म्हणाले तर देऊ नका. सरकारने ते शुल्क माफ केले आहे, साध्या कागदावर चालते.

या सगळ्याच्या मुळाशी एकच कागद आहे, आणि तो बहुतेक घरांत नसतो. विवाह प्रमाणपत्र. आपल्याकडे लग्न गावपंचांसमोर, दोन्हीकडच्या माणसांत, वाजतगाजत होते आणि नोंद राहून जाते. मग बाई दोन वर्षांनी पोटुशी असताना लग्नाचा पुरावा शोधत बसते. तुमचे लग्न इथे लागले असेल तर ग्रामसेवक हाच गावातला विवाह निबंधक असतो. तिकडे लागले असेल तर तिथल्या तलाटी-मंत्र्याकडे विचारा. पत्रिका, लग्नातला फोटो, दोघांचे वयाचे पुरावे आणि साक्षीदार जुळवून ठेवा. दोघांनी जाऊन सह्या करायच्या असतात, म्हणून हे काम चौथ्या-पाचव्या महिन्यातच उरकून घ्या. तेव्हा मळमळ ओसरलेली असते आणि पोट जड झालेले नसते. कार्यालयांच्या चकरा मारायला बाईला हेच दोन-तीन महिने बरे. सातव्यानंतर जीपचे हेलकावे आणि खिडकीसमोर उभे राहणे नकोच. त्यानंतरचे सगळे नवऱ्याने किंवा दिराने करावे.

आता नावाचे सांगते. इथे मी थांबून थांबून सांगणार आहे, कारण सगळे घोळ इथेच होतात.

तुझ्या शाळेच्या दाखल्यावर आधी आडनाव, मग तुझे नाव, मग वडिलांचे नाव आहे. नावाला बेन जोडले आहे, वडिलांना भाई. इथे आल्यावर बेन गेले, भाई गेले, मधे नवऱ्याचे नाव आले. त्यातून तिकडे गामीत लिहितात ते इकडे गावित होते. जमात तीच, नाते तेच, पण संगणकाला ही दोन माणसे वाटतात. समजा एखादीचे नाव सुनीता. शाळेत सुनीताबेन, आधारवर सुनिता, बँकेत सुनीताबाई, दवाखान्याच्या कार्डावर घरचे लाडाचे नाव. चार कागदांवरच्या या चार बायकांतली बाळाची आई कोण, हे पुढे कोणीतरी विचारतेच.

म्हणून आधी ठरव, की आयुष्यभर कोणते नाव चालवायचे. माझे मत विचारशील तर स्वतःचे नाव शाळेच्या दाखल्यावर आहे तसेच ठेव, आडनाव बदलायचे असेल तर विवाह प्रमाणपत्राच्या आधाराने एकदाच बदल. लग्नानंतर नाव बदलायलाच हवे असा कायदा नाही. आणि आधारवर नावाची दुरुस्ती आयुष्यात दोनदाच करता येते, जन्मतारखेची एकदाच. घाईघाईत कुणा केंद्रवाल्याने चुकीचे अक्षर टाकले तर एक संधी वाया गेली. पडद्यावरचे नाव मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीकडे, स्वतः वाचल्याशिवाय होकार देऊ नकोस. ठरलेले नाव एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून माता-बाल कार्डाच्या प्लास्टिकमध्ये घालून ठेव. दवाखान्यात कोणी नाव विचारले की तोंडाने सांगू नकोस, तो कागद पुढे कर. कळा सुरू असताना नाव सांगायला सासू नाहीतर शेजारीण असते, आणि त्या घरात ज्या नावाने हाक मारतात तेच सांगतात.

याचे महत्त्व आता आणखी वाढले आहे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदांवर महाराष्ट्रात बाळाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव असा क्रम लावला आहे. म्हणजे तुझे नाव बाळाच्या शाळेच्या दाखल्यापर्यंत जाणार. ही फार चांगली गोष्ट झाली, मला मनापासून आनंद झाला. नोकरीभर आमच्या रजिस्टरांत आईला रकानाच नसलेले किती दाखले पाहिले! पण त्यासाठी आईचे नाव पहिल्या दिवसापासून एकच हवे.

आधारवरचा पत्ता बदलायला आता वीजबिलाची गरज नाही. 2023 पासून कुटुंबप्रमुखाच्या आधारावरून पत्ता बदलता येतो. नवऱ्याचा आधार क्रमांक आणि विवाह प्रमाणपत्रासारखा नात्याचा पुरावा लागतो, आणि त्याने 30 दिवसांच्या आत संमती द्यावी लागते. आता हिशेब कर. दिवाळीनंतर तो कोयता घेऊन बारडोली-मढीकडे उसाला जाणार असेल आणि आधारला जोडलेला मोबाईल बंद पडलेल्या सिमचा असेल, तर संमती कशी देणार? म्हणून तो घरी असतानाच त्याचा आणि तुझा, दोघांचेही मोबाईल क्रमांक आधारला जोडून घ्या. तुझा क्रमांक तुझाच असू दे, दिराचा नको. पैशांचे, लसीचे, अंगणवाडीच्या पोषणाचे संदेश त्यावर येणार आहेत. रेशनकार्डाचे म्हणशील, तर आधी माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला मामलतदार कचेरीतून आणायला भावाला सांग, मग इथे नाव चढेल. मतदार यादीसाठी पत्ता बदलायचा नमुना 8 भरायचा. ही दोन कामे घाईची नाहीत, बाळंतपणानंतर केली तरी चालतील.

बँकेचे खाते मात्र घाईचे आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5000 रुपये मिळतात. नोंदणी आणि तपासणी वेळेत झाली की 3000, बाळाची जन्मनोंद आणि पहिल्या फेरीच्या लसी झाल्या की 2000. हे पैसे तुझ्या स्वतःच्या, आधार जोडलेल्या खात्यातच येतात, नवऱ्याच्या नाही. अर्ज एकाच ठिकाणी कर. माहेरच्या अंगणवाडीतून एक आणि सासरहून एक असे दोन केले की दोन्ही अडकतात. सरकारी दवाखान्यात बाळंत झाल्यावर जननी सुरक्षा योजनेचे ग्रामीण भागात 700 रुपये असतात, तेही खात्यातच येतात. आणि अंगणवाडीत अमृत आहाराचे गरम जेवण सुरू झाले की रोज जाऊन जेव. घरी डबा आणून सगळ्यांत वाटू नकोस. सासूला वाईट वाटले तर माझे नाव सांग.

जातीच्या दाखल्याबद्दल तू काही विचारले नाहीस, पण सांगायला हवे. जात जन्माने ठरते, लग्नाने नाही. तुझा दाखला तुझ्या वडिलांच्या कागदांवर, तुझ्या माहेरच्या राज्यातून आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1990 आणि 1994 साली दिलेल्या निकालांनंतर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आलेल्याचा मूळ राज्यातला जमातीचा दाखला नव्या राज्याच्या आरक्षणासाठी धरला जात नाही, दोन्हीकडच्या यादीत जमात असली तरी. मावची, गावित, गामीत दोन्ही राज्यांच्या यादीत आहेत, तरीही. मला हे आपल्या सीमेवरच्या मुलींवर अन्यायाचे वाटते, पण अर्ज भरताना आहे तो नियम धरूनच भर आणि तो रकाना भरण्याआधी प्रकल्प कार्यालयात विचारून घे. बाळाचे तसे नाही. त्याचा दाखला बापाच्या बाजूने निघेल. त्यासाठी 6 सप्टेंबर 1950 च्या आधीपासून कुटुंब इथले असल्याचा पुरावा लागतो. सासरे अजून हिंडते-फिरते आहेत तोवर त्यांच्याकडून आजे-पणज्यांची नावे, गाव, शेताचा गट विचारून लिहून ठेव. जुन्या नोंदी धुळ्याच्या दप्तरातही सापडतात, कारण नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो 1 जुलै 1998 ला. हे काम घरात बसून करण्यासारखे आहे. सातव्या-आठव्या महिन्यात तेच कर.

आता बाळंतपण कुठे? पहिले माहेरी, ही आपली रीत. जायचे तर खुशाल जा, पण एवढे ध्यानात ठेव, की जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, आईबाप राहतात तिथे नाही. तिकडच्या दवाखान्यात बाळ झाले तर दाखला गुजरातचा. त्याने बाळाचे काही बिघडत नाही, त्याचा रहिवास बापाच्या कागदांवर पुढे सिद्ध होतो. फक्त दवाखान्यात अर्ज भरताना आईबापाचा कायमचा पत्ता म्हणून सासरचा पत्ता लिहायचा आणि तुझे ठरलेले नाव द्यायचे. नोंद 21 दिवसांच्या आत फुकट होते. पुढे उशिराचे शुल्क लागते, महिना उलटला की परवानगी, वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. बारसे लांबले तरी नोंद लांबवू नका. नावाविना नोंद होते आणि नाव 12 महिन्यांच्या आत फुकट घालता येते. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांना शाळेपासून मतदार यादीपर्यंत जन्मदाखलाच मुख्य पुरावा ठरवला आहे, तेव्हा तो हातात आला की प्रत्येक अक्षर तपास.

बाळंतपण इथेच करायचे ठरले तर नवापूरचे सरकारी रुग्णालय जवळ आहे. घर आत डोंगराकडे असते तर मी तुला माहेरघराचा पर्याय सांगितला असता. दुर्गम भागातल्या प्राथमिक केंद्रांत तारखेच्या आधी येऊन राहायची ती सोय धडगाव-अक्कलकुव्याच्या बायकांना फार उपयोगी पडली आहे. वाटेत ओढा-नदी असेल आणि तारीख पावसाळ्यात असेल तर दोन दिवस आधीच रस्त्याच्या कडेच्या नातेवाइकांकडे येऊन राहा. 108 चा क्रमांक घरातल्या लहान पोरांनाही पाठ असू दे.

कचेरीत जाशील त्या दिवशी भाकरी-भाजी आणि पाणी सोबत ने. लघवी दाबून रांगेत उभी राहू नकोस, गरोदरपणात त्याने ताप भरतो. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नकोस, आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून वेगळ्या वेळी घे. डोके फार दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहरा सुजला, अंगावरून गेले किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर हातातला अर्ज तिथेच टाकून दवाखाना गाठ. तुझ्या जागी दुसरे कोणी उभे राहील.

मूळ कागद कुणालाही देऊन ठेवायचे नाहीत, दाखवून परत घ्यायचे. माहेरी जाताना सोबत फक्त माता-बाल कार्ड, दोघांचे आधार, बँकेचे पासबुक आणि विवाह प्रमाणपत्राची प्रत घे, बाकीचे सासूच्या पेटीत राहू दे. सोमवारी आशाताईबरोबर जाऊन नर्सबाईकडे नाव घाल, आणि त्याच दिवशी नवऱ्याला ग्रामसेवकाकडे विवाह नोंदणीचा अर्ज आणायला पाठव. तो भरायला अडचण आली तर माझ्याकडे घेऊन या, मी बुधवारपर्यंत घरीच आहे.